छोट्या चिपसाठी एन्क्रिप्शन: एईएस, चाचा की अ‍ॅस्कॉन?

बॅटरीवर चालणाऱ्या सेन्सरसाठी एन्क्रिप्शन निवडायला बसलात की आधी चिपची डेटाशीट उघडा आणि आत एईएसचं, म्हणजे किल्लीने डेटा झाकण्याच्या प्रमाणित पद्धतीचं, हार्डवेअर आहे का ते पाहा. असेल तर बराचसा निर्णय तिथेच होतो. ब्लूटूथ लो एनर्जी, झिग्बी आणि लोरावॅन या तिन्ही बिनतारी संपर्कपद्धतींची सुरक्षा १२८ बिटांच्या किल्लीच्या एईएसवर उभी आहे, त्यामुळे अशा रेडिओसाठी बनलेल्या बऱ्याच चिपमध्ये ते तयारच असतं. ते बाजूला ठेवून सॉफ्टवेअरमध्ये दुसरा सायफर (एन्क्रिप्शनची पद्धत) चालवण्यात सहसा काही हशील नाही.

फक्त मोड, म्हणजे संदेशावर एईएस कसं लावायचं ती रीत, जपून निवडा. अनेक छोट्या चिपमधलं हार्डवेअर एईएस फक्त एका दिशेने, म्हणजे एन्क्रिप्ट करण्याच्याच दिशेने चालतं. सीसीएम मोडला तेवढं पुरतं, कारण उलगडतानाही तो तीच दिशा वापरतो. जीसीएम या दुसऱ्या मोडमध्ये खातरजमेसाठी, म्हणजे संदेश खरा आणि न बदललेला आहे ना हे तपासण्यासाठी, वेगळ्याच प्रकारचा गुणाकार लागतो. त्याची खास सोय नसलेल्या चिपवर तो गुणाकारच सगळा वेळ खातो. छोट्या उपकरणात मी सीसीएमच घेईन.

खरी निवड हार्डवेअर नसतं तेव्हा करावी लागते. तेव्हा तीन पर्याय उरतात: सॉफ्टवेअरमधलं एईएस, चाचा२०-पॉली१३०५ (चाचा२० डेटा झाकतो, पॉली१३०५ खातरजमा करतो) आणि अ‍ॅस्कॉन.

अ‍ॅस्कॉन ओळखीचा नसेल तर थोडं सांगतो. ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथे घडलेली ही रचना २०१४ साली पुढे आली. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने हलक्या एन्क्रिप्शनसाठी प्रस्ताव मागवले तेव्हा ५७ आले. त्यांतून फेब्रुवारी २०२३ मध्ये अ‍ॅस्कॉनची निवड झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अंतिम मानक निघालं. इतकी वर्षं जगभरच्या विश्लेषकांनी तो उलटसुलट तपासला आहे, आणि माझ्या लेखी ही त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे.

आता तिघांना एकच काम देऊन पाहू: १२ बाइटांचं एक रीडिंग, सोबत खातरजमेसाठी जोडलेला १६ बाइटांचा टॅग, दुसरं काही नाही. एईएस-सीसीएमला त्यासाठी चार वेळा एईएस चालवावं लागतं, दोनदा टॅगच्या हिशेबासाठी, एकदा डेटा झाकायला आणि एकदा टॅग झाकायला. प्रत्येक वेळी १० फेऱ्या (डेटा ढवळण्याच्या पायऱ्या), म्हणजे एकूण ४०. चाचा२० एका दमात ६४ बाइट तयार करतो. पहिल्या ६४ मधले ३२ बाइट पॉली१३०५च्या किल्लीसाठी जातात आणि दुसऱ्या ६४ मधले फक्त १२ तुमच्या रीडिंगला लागतात. उरलेले टाकून द्यायचे. अ‍ॅस्कॉनला सुरुवातीला १२ आणि शेवटी १२ फेऱ्या लागतात. रीडिंग १६ बाइटांच्या आतलं असल्याने मधल्या ८ फेऱ्यांची गरजच पडत नाही, म्हणून एकूण २४. तिघांच्या फेऱ्या सारख्या वजनाच्या नसतात, तेव्हा हे आकडे थेट एकमेकांसमोर मांडू नका. पण छोट्या संदेशात कुणाची मेहनत कुठे जाते, ते यातून नीट दिसतं.

मेमरीच्या हिशेबातही अ‍ॅस्कॉन पुढे आहे. त्याची अंतर्गत अवस्था ३२० बिटांची, म्हणजे ४० बाइटांची. चाचा२०ची ६४ बाइटांची. शिवाय अ‍ॅस्कॉनमध्ये एन्क्रिप्शन, खातरजमा आणि हॅश (डेटाचा छोटा ठसा काढणं) ही तिन्ही कामं एकाच गाभ्यावर चालतात, त्यामुळे फ्लॅशमध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, कोडची जागा वाचते.

चाचा२०ची बाजू वेगळ्या ठिकाणी भक्कम आहे. बेरीज, बिट फिरवणं आणि एक्सॉर (दोन बिट वेगळे असतील तरच १ देणारी क्रिया) एवढ्यावरच तो चालतो. मेमरीत शोधायचे तक्ते नसल्यामुळे वेळेच्या मोजमापातून किल्ली फुटण्याचा मार्ग बंद होतो. ३२ बिटांच्या बऱ्यापैकी चिपवर, जिथे लांबलचक डेटा किंवा फर्मवेअर (उपकरणातलं सॉफ्टवेअर) उतरवायचं असतं, तिथे तो उत्तम. कॉर्टेक्स-एम० सारखा छोटा प्रोसेसर असलेल्या चिपवर मात्र ६४ बिटांचं उत्तर देणारा गुणाकार नाही, आणि पॉली१३०५ला नेमका तोच हवा असतो. आणखी एक मुद्दा: उपकरण थेट टीएलएस १.३ने (इंटरनेटवरच्या सुरक्षित संपर्काच्या मानकाने) सर्व्हरशी बोलणार असेल, तर त्या मानकाच्या मूळ यादीत एईएस आणि चाचा आहेत, अ‍ॅस्कॉन नाही. दोन्ही टोकं तुमच्या हातात असतील तरच अ‍ॅस्कॉन मोकळेपणाने घेता येतो.

प्रेझेंट (२००७) आणि स्पेक (२०१३) ही नावंही तुमच्या वाचनात येतील. ते नुसते ब्लॉक सायफर, म्हणजे ठरावीक लांबीचा एकेक तुकडा झाकणारे, आहेत. मोड, टॅग, नॉन्स (प्रत्येक संदेशाला नवा लागणारा आकडा) यांची जुळणी तुम्हालाच करावी लागेल, आणि चुका तिथेच होतात. नव्या कामात त्यांच्या वाटेला जाऊ नका.

बॅटरीचा मोठा घास बहुतेक वेळा रेडिओ घेतो, सायफर नव्हे. १२ बाइटांच्या रीडिंगमागे १६ बाइटांचा टॅग आणि पूर्ण नॉन्स पाठवलात तर पाकीट तिपटीच्या आसपास जातं. म्हणून नॉन्समध्ये गणक ठेवा आणि हवेतून त्याचे शेवटचे काही बिटच पाठवा. लोरावॅन हेच करतं: गणक ३२ बिटांचा, पाठवायचे १६. टॅग कापून ८ बाइटांवर आणता येतो. लोरावॅन तर ४ बाइटांवर भागवतं, पण खोट्या संदेशाने दार उघडू शकत असेल तिथे मी ८च्या खाली जाणार नाही.

तो गणक कधीही मागे जाता कामा नये. बॅटरी बदलली, गणक शून्यावर आला आणि किल्ली जुनीच राहिली, की तोच नॉन्स पुन्हा वापरला जातो. दोन संदेश एकाच प्रवाहाने (किल्ली आणि नॉन्सपासून बनलेल्या बिटांच्या रांगेने) झाकले गेले तर ते एकमेकांशी एक्सॉर करताच झाकण निघून जातं आणि दोन रीडिंगमधला फरक उघडा पडतो. जीसीएममध्ये तर खातरजमेची किल्लीच धोक्यात येते. यावर उपाय सोपा आहे. चालू होताना फ्लॅशमधला आकडा वाचा, त्यात १००० मिळवून लगेच परत लिहा आणि मधले आकडे रॅममधून वापरा. वीज गेली तर उरलेले सोडून द्यायचे. फ्लॅशची झीजही कमी होते.

आणि किल्ली प्रत्येक उपकरणाला वेगळी द्या. २०१६ साली संशोधकांनी फिलिप्स ह्यू दिव्यांची वीजखपत मोजून फर्मवेअरची किल्ली काढली. सायफर एईएसच होता, त्याच्या गणितात काही खोट नव्हती, पण एका प्रकारच्या सगळ्या दिव्यांत तीच किल्ली होती. तुमचं उपकरण परक्यांच्या हाती पडणार असेल, तर वीजखपतीवरून होणारा हल्ला गृहीतच धरा. इथे अ‍ॅस्कॉनचा आणखी एक गुण कामी येतो: त्याचा एस-बॉक्स (प्रत्येक फेरीतली बिटांची अदलाबदल) इतका साधा आहे की मास्किंगचं, म्हणजे गुप्त आकडे यादृच्छिक तुकड्यांत वाटून हाताळण्याचं, संरक्षण चढवणं एईएसपेक्षा बरंच स्वस्त पडतं. चिपमधल्या एईएस हार्डवेअरला असं संरक्षण आहे का, हे विक्रेत्याला लेखी विचारा. उत्तर 'नाही' आलं आणि उपकरण उघड्यावर बसणार असेल, तर हार्डवेअर हाताशी असूनही मी मास्किंग केलेल्या अ‍ॅस्कॉनचा विचार करेन.