इंजिन बंद करा: क्रुगर ते चोबे सफारीचा दहा महिन्यांनंतरचा अनुभव

जानेवारीत जाऊन आलो, नोव्हेंबरात लिहितोय. इतके महिने लिहायचं टाळलं, कारण जे लिहिलं असतं ते निव्वळ रागाने लिहिलं असतं. परवा रात्री बोट्स्वानातल्या आमच्या गाइडने व्हॉट्सॲपवर 40 सेकंदांचा एक आवाज पाठवला आणि आता गप्प बसवत नाही.

आम्ही नवरा-बायको, बारा रात्री. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर उद्यानात पाच, बोट्स्वानात ओकावांगोच्या त्रिभुज प्रदेशात दोन, चोबे उद्यानातल्या सावुतीत तीन, कसानेला एक आणि शेवटची व्हिक्टोरिया धबधब्यापाशी. माणशी 5 लाख 10 हजार, विमानभाडं धरून. व्हिसा, मलेरियाच्या गोळ्या, छोट्या विमानासाठी मऊ बॅग याबद्दल भरपूर लिहिलेलं सापडतं, मी पुन्हा लिहीत नाही. मला बोलायचंय ते गाडीच्या इंजिनाबद्दल.

माहितीपत्रकात 'पक्षीनिरीक्षणासाठी खास सहल, खुली गाडी, सहा जण' असं छापलेलं होतं. क्रुगरमध्ये समोर उभी राहिली ती बंद काचांची एसी मिनीबस, आणि आत नऊ जण. त्यातले पाच जण एकाच कुटुंबातले, त्यांना सिंह आणि बिबट्या बघायचा होता. त्यात त्यांची काही चूक नाही, त्यांनीही पूर्ण पैसे मोजले होते. पण जानेवारी म्हणजे तिथला भर उन्हाळा, दुपारी पारा पस्तिशीच्या वर. एसी हवा म्हणून इंजिन सतत चालू.

ज्यांनी दुर्बीण गळ्यात घालून दिवस काढलेत त्यांना याचा अर्थ कळेल. 8 बाय 42 च्या दुर्बिणीतून पक्षी आठपट जवळ येतो, तसा गाडीचा कंपही आठपट मोठा होऊन डोळ्यात येतो. डिझेल इंजिन नुसतं घुरघुरत असलं तरी खिडकीच्या कडेवर ठेवलेलं कोपर थरथरतं. मी दुर्बीण आणि कॅमेरा टेकवायची बीन बॅग नेली होती, टॉवेलची घडी ठेवून पाहिली, शेवटी श्वास रोखून बघायला लागलो. लायलॅक-ब्रेस्टेड रोलर, म्हणजे आपल्या नीलपंखाचा जांभळ्या छातीचा भाऊबंद, दहा फुटांवर बसलेला होता आणि त्याच्या शेपटीच्या दोन लांब काड्या मला चार दिसत होत्या. माझे क्रुगरमधले अर्धे फोटो हललेले आहेत.

तरी फोटोंचं मी सोडून दिलं. आवाजाचं नाही.

मी सोलापूरचा. नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 चं, पण आमच्या आबांनी त्याच्याही आधी शेताच्या बांधावरून माळढोक पाहिलेले. आमच्याकडे त्याला 'हूम' म्हणायचे, नर साद घालताना जो आवाज काढतो त्यावरून. मी पक्षी दोनदा पाहिला, हूम कधीच ऐकला नाही, आणि आता तर नान्नजला एखादा माळढोक दिसला तरी पेपरात बातमी होते. त्याचा आफ्रिकेतला चुलतभाऊ म्हणजे कोरी बस्टर्ड. नर 18 किलोपर्यंत भरतो, उडणाऱ्या पक्ष्यांत सगळ्यात जड म्हणून ज्यांची नावं घेतात त्यांतला एक. तोही गळा फुगवून तसाच खोल घुमतो. मी सहल बुक केली ती खरं तर यासाठी.

क्रुगरच्या मध्यावर सातारा नावाचाच कॅम्प आहे. जमिनीची मोजणी झाली तेव्हा सर्व्हेअरच्या हाताखालच्या भारतीय माणसाने सतरा नंबरच्या तुकड्याला 'सत्रह' म्हटलं, त्याचं सातारा झालं, असं सांगतात. तिथून निघणाऱ्या कच्च्या रस्त्यावर, सकाळी साडेसहाला, गवतात नर कोरी उभा होता. मान फुगून पांढऱ्या उशीसारखी झालेली, शेपूट पाठीवर उलटी उघडलेली, पंख खाली सोडलेले. चोच उघडत नव्हता, पण दर काही सेकंदांनी मान जराशी दबायची. म्हणजे तो साद घालत होता. अंतर साठ-सत्तर मीटर. आणि माझ्या कानात फक्त इंजिन आणि एसीचा पंखा.

मी गाइडला म्हटलं, "दोन मिनिटं बंद करा." तो म्हणाला, "मागे लहान मूल आहे सर, गरम होईल." मी पुन्हा विनवलं. तोवर पुढच्या गाडीकडून सिंहाची खबर आली आणि आमची बस निघाली. उद्यानात गाडीतून उतरायला बंदी, रस्ता सोडून जायला बंदी, त्यामुळे माझ्या हातात काहीच नव्हतं. बायकोने माझा हात धरून ठेवला होता एवढं आठवतंय.

त्या रात्री मी गाइडबद्दल फार वाईट बोललो. तिसऱ्या दिवशी ते मागे घ्यावं लागलं. वळणावर एक सुळेवाला नर हत्ती समोर आला, कानशिलातून मद गळत होता, मागचे पाय ओले आणि वास गाडीत येईल इतका उग्र. तो थेट चालत आला. गाइडने एका सेकंदात रिव्हर्स टाकून बस सरळ पन्नास-साठ मीटर मागे नेली, आवाज न चढवता, मुलाला 'घाबरू नको' म्हणत. मदावर आलेल्या हत्तीसमोर इंजिन बंद ठेवणारा माणूस मला गाइड म्हणून नको. हे मला तेव्हा कळलं.

पुढच्या दिवशी मी त्याच्यावर चिडण्याऐवजी त्या कुटुंबाशी बोललो. क्रुगरमधल्याच ऑलिफंट्स कॅम्पच्या वाटेवर एक मेलेला जिराफ होता आणि त्यावर गिधाडं. मी साठपर्यंत मोजली, मग मोजणं सोडलं. मुलाच्या आईने स्वतःच सांगितलं, "काकांसाठी पाच मिनिटं बंद करा." इंजिन थांबलं, काच खाली आली आणि पंखांची फडफड, फुत्कार, कातडं ताणल्याचा आवाज आत आला. माझ्या शाळेच्या दिवसांत गावाबाहेर टाकलेल्या मेलेल्या बैलावर हेच ऐकू यायचं. मग जनावरांना द्यायच्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने, ते पोटात असलेली मढी खाऊन, आपली गिधाडं संपली. 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर गावाबाहेरची ती जागा रिकामी झाली होती. आफ्रिकेतही सगळं ठीक नाही. 2019 च्या जूनमध्ये उत्तर बोट्स्वानात हत्तींच्या विषारी केलेल्या मढ्यांवर एका घटनेत 537 गिधाडं मेली. तरी त्या पाच मिनिटांत मी चाळीस वर्षं मागे गेलो होतो.

म्हणजे दोष गाइडचा नव्हता, त्या कुटुंबाचाही नव्हता. पक्षी बघणारे आणि सिंह-बिबटे बघणारे एका बंद डब्यात कोंबून दोघांकडून पूर्ण पैसे घेणाऱ्यांचा होता. त्या गाइडला मी टिप कमी दिली, त्याची खंत अजून आहे.

ओकावांगोत मोकोरो, म्हणजे बांबूसारख्या लांब काठीने ढकलायची अरुंद होडी. तिथे इंजिनाचा प्रश्नच नाही. अंगोलाच्या डोंगरांतलं पुराचं पाणी तिथे पोचायला महिने लागतात, त्यामुळे जानेवारीत पाणी कमी, पण कमळपक्षी आणि खंड्यांना पुरेसं. व्हिक्टोरिया धबधबा भव्य आहे, भिजलो, बस.

सावुती मात्र वेगळं. तिथली गाडी खुली लँड क्रूझर, आम्ही चौघंच. तिथल्या गाइडची एक सवय मी पहिल्या तासात टिपली. पक्षी दिसला की तो वीस मीटर आधीच किल्ली फिरवायचा आणि गाडी नुसती घरंगळत नेऊन उभी करायचा. ब्रेकचाही आवाज नाही. दुर्बीण लावली की चित्र स्थिर. तिथे मला कोरी बस्टर्ड दिसला आणि त्याच्या पाठीवर चक्क एक लालभडक वेडा राघू बसलेला. कोरी चालला की गवतातून टोळ उडतात आणि हा पाठीवरून झेप घेऊन ते टिपतो, परत येऊन बसतो. पाऊण तास बघत राहिलो. पण तिथले कोरी नर गप्प होते. तीन दिवसांत एकदाही घुमले नाहीत.

मी गाइडला नान्नजबद्दल, आबांबद्दल सांगितलं. कोरी हा बोट्स्वानाचा राष्ट्रीय पक्षी. विजेच्या तारांवर आपटून त्यांच्याकडेही कोरी मरतात, आपल्याकडे माळढोक मरतात तसेच. तो नुसता ऐकत होता. "पाऊस सुरू होताना यायला हवं होतं," एवढंच म्हणाला आणि माझा नंबर घेतला.

परतल्यावर कंपनीशी चार महिने मेल चालले. मी खुल्या गाडीऐवजी बंद गाडी दिल्याबद्दल 60 हजार मागितले. उत्तर आलं की माहितीपत्रकातली गाडी 'नमुन्यादाखल' होती. मग पुढच्या सहलीवर दहा टक्के सवलतीचं कूपन पाठवलं. बायको म्हणते वापरून टाका, मला त्याला हात लावावासा वाटत नाही. तुम्ही जाणार असाल तर पैसे भरण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या: गाडी खुली की बंद, आत किती जण, सगळे पक्षी बघणारे का, आणि थांबल्यावर इंजिन बंद करणार का. चौथ्या प्रश्नावर समोरचा गोंधळला तर दुसरीकडे जा.

आता त्या 40 सेकंदांबद्दल. सुरुवातीला किल्ली फिरवल्याची बारीक टिक् ऐकू येते. मग शांतता, किडे. मग अगदी तळातून, कानापेक्षा छातीत जास्त कळेल असा आवाज, थांबून थांबून सहा वेळा.

सकाळी आबांना ऐकवला. त्यांचं वय 86, उजव्या कानाने ऐकू येत नाही. मोबाइल डाव्या कानाशी धरला, आवाज पूर्ण मोठा केला. पहिल्यांदा त्यांनी मान हलवली, ऐकू येत नाही म्हणून. मी फोन त्यांच्या तळहातावर ठेवला आणि हात कानाशी नेला. तिसऱ्या घुमण्याला ते थांबले.

"हूम हाय की ह्यो," म्हणाले. "आपल्या माळावरचा?"

मी नाही म्हटलं नाही. त्यांनी अजून एकदा लावायला सांगितला.