एमजीबीचे शॉकअप : नवे घ्यावेत की जुनेच बांधून घ्यावेत?

वडिलांनी जिवापाड जपलेली आमची 1971 ची एमजीबी रोडस्टर (उघड्या छताची ब्रिटिश स्पोर्ट्स कार) गेल्या वर्षी पन्हाळ्याच्या वळणांवर होडीसारखी डुलू लागली, तेव्हा शॉकअप संपले आहेत हे उघड होते. त्यांच्या जागी काय बसवायचे हे ठरायला मात्र चार महिने गेले. शेवटी मूळचेच शॉकअप कोल्हापूरच्या उद्यमनगरातील एका छोट्या मशीन शॉपमध्ये नव्याने बांधून घेतले. त्या कामाविषयी आणि त्याआधी तपासलेल्या पर्यायांविषयी हे सविस्तर लिहीत आहे, कारण अशी जुनी गाडी बाळगणारे लोक आपल्या भागात थोडे असले तरी प्रत्येकाला कधी ना कधी हा प्रश्न पडतोच.

1962 ते 1980 या काळात बनलेल्या या गाडीला कारखान्यातून आर्मस्ट्राँगचे लिव्हर शॉकअप येत, आजच्या गाड्यांसारखे नळीचे नव्हे. ओतीव पेटीत तेल आणि दोन पिस्टन, त्यांना हलवणारा आडवा शाफ्ट, शाफ्टला बसवलेला दांडा आणि तेलाची वाट अडवणारा व्हॉल्व्ह, एवढीच त्याची रचना. मागच्या बाजूला हा दांडा एका लहान लिंकने ॲक्सलकडे जोडलेला असतो, त्यामुळे तिथे शॉकअप फक्त शॉकअपचेच काम करतो. पुढे मात्र शॉकअपचे दोन दांडे हाच सस्पेन्शनचा वरचा विशबोन, म्हणजे चाकाला वरून धरणारा दुवा असतो. म्हणजे पुढचा शाफ्ट पेटीत सैल झाला, तर केवळ हेलकावे वाढत नाहीत. चाकाचा कॅम्बरच, म्हणजे उभ्या रेषेपासूनचा कल, बदलत राहतो आणि ब्रेक दाबल्यावर गाडी एका अंगाला ओढते. शॉकअप निवडताना बहुतेक जण कडक घ्यावा की मऊ, एवढाच विचार करतात. माझ्या मते या गाडीत पहिला प्रश्न शाफ्टच्या प्लेचा, म्हणजे सैलपणाचा आहे आणि कडकपणाचा प्रश्न त्यानंतर येतो.

आधी मी परदेशातून ‘रीकंडिशन्ड’ म्हणून मिळणारी पुढची जोडी मागवली. वाहतूक आणि सीमाशुल्क धरून ती मूळ किमतीच्या जवळपास दुप्पट पडली आणि तिसऱ्या महिन्यात दोन्हींच्या शाफ्टपाशी तेल झिरपू लागले. उघडून पाहिले तर रंग नवा, सील नवे आणि शाफ्ट जुनाच, झिजून चरे पडलेला.

नळीच्या शॉकअपचे किटही मी मनापासून तपासले. मागे ते बसवणे सोपे आहे. ब्रॅकेट मूळच्या छिद्रांवर येते आणि कडकपणा स्क्रूने कमीजास्त करता येतो. एका मित्राच्या गाडीला ते बसवलेले असल्याने आम्ही गगनबावड्यापर्यंत जाऊन आलो. गुळगुळीत रस्त्यावर गाडी फार छान बसते, पण उखडलेल्या पट्ट्यांवर, अगदी मऊ सेटिंगवरसुद्धा, मागचे पाटे आणि ॲक्सल मिळून उड्या मारतात. शिवाय 1974 च्या अखेरीस रबरी बंपर आले तेव्हा गाडी सुमारे 1 इंच उंच झाली, त्यामुळे आपली गाडी कोणत्या काळातली आहे हे न पाहता किट मागवले तर नळीची लांबी चुकते. पुढच्या बाजूला अनेक किटमध्ये लिव्हरची पेटी केवळ लिंक म्हणून तशीच ठेवावी लागते. म्हणजे पैसे खर्च होतात आणि झिजलेला शाफ्ट जागच्या जागी राहतो. ज्यांना गाडी ट्रॅकवर पळवायची आहे त्यांना हे किट शोभेल. मला ते पटले नाही.

उद्यमनगरातील त्या दुकानातल्या कारागीर काकांनी पेटी व्हाइसमध्ये धरली, दांडा वरखाली न करता आडवा हलवून पाहिला आणि म्हणाले, “साहेब, सील कितीबी बदला, शाफ्ट खाल्लाय तवर तेल थांबायचं न्हाई.” चार महिन्यांच्या वाचनातून मला जे कळले होते, ते त्यांनी एका वाक्यात सांगितले. त्यांनी शाफ्ट ग्राइंड करून पॉलिश केला, पेटी बोअर करून तीत गनमेटलचे बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती छोटी नळी) दाबून बसवले, बाहेरच्या बाजूला बाजारात सहज मिळणारे लिप सील घातले आणि व्हॉल्व्ह धुऊन, त्याच्या स्प्रिंगला हात न लावता परत बसवला. तेल म्हणून मोटारसायकलच्या फोर्कचे 20 ग्रेडचे तेल वापरले. दांडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश हलवत हवा काढताना आधी मध्येच एक पोकळ टप्पा लागत होता. दहाएक फेऱ्यांनंतर तो नाहीसा झाला आणि दांडा दोन्हीकडे मधात चमचा फिरवावा तसा एकसारखा जड फिरू लागला. ज्यांना गाडीवरच तपासायचे आहे त्यांनी हीच खूण लक्षात ठेवावी. पुढचा शॉकअप सोडवताना मात्र स्प्रिंगच्या खालच्या ताटलीखाली जॅक भक्कम लावल्याशिवाय बोल्टला हात लावू नये. वरचा दुवा सुटल्यावर स्प्रिंगला धरून ठेवणारे दुसरे काहीच नसते.

तक्रारी दोन आहेत. एका आठवड्यात देतो म्हणून सांगितलेले काम तीन आठवड्यांनी मिळाले, आणि मागचा डावा शॉकअप हवा राहिल्यामुळे एकदा परत न्यावा लागला. तो त्यांनी पैसे न घेता, समोर उभे राहून दुरुस्त करून दिला. छापील वॉरंटी मिळत नाही. ती हवी असेल तर हे दुकान तुमच्यासाठी नाही. चारही शॉकअपचा एकूण खर्च त्या परदेशी जोडीच्या निम्म्याहूनही कमी आला.

आता आठ महिने झाले, त्यात एक पूर्ण पावसाळा आला. आंबा घाट उतरताना स्टिअरिंग आता हातात शांत राहते आणि स्पीडब्रेकरनंतर गाडी एकदाच उचलून स्थिरावते. रात्री पुढच्या चाकांमागे मी पांढरा पुठ्ठा टाकून ठेवतो. त्यावर आजवर धूळ सोडून काही पडलेले नाही.