वॉर्डातली बाग: झाडं भरपूर, फाटक २२ इंच

बेळगावच्या दक्षिण भागात, यंत्रमागाच्या गल्ल्यांना लागून असलेली ही महापालिकेची बाग. नाव मुद्दाम देत नाही. खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठल्याही गावातली नुकतीच नवी केलेली बाग घ्या, यातलं बरंचसं तिथंही लागू पडेल. मोजमाप टेप लावून घेतलंय. ज्यांच्याकडे अंगण नाही, गाडी नाही, ज्यांचे पाय चालत नाहीत किंवा ज्यांना कामातून वेळ मिळत नाही, त्यांना ही बाग आत घेते का, एवढंच पाहायचं होतं.

झाडांबद्दल तक्रार नाही. जुनी पर्जन्यवृक्षाची झाडं तोडली नाहीत, उलट चालायची वाट त्यांना वळसा घालून नेली. एप्रिलच्या दुपारीही निम्म्या बागेत सावली असते. तिकीट नाही. माळी नियमित येतो. हिरवळीला पाचपैकी साडेचार.

आता फाटक. दुचाकी आणि जनावरं आत येऊ नयेत म्हणून लोखंडी पाइपांचा नागमोडी अडसर लावलाय आणि त्यातली मोकळी जागा भरते २२ इंच. साधी चाकाची खुर्ची २५-२६ इंच रुंद असते, म्हणजे ती दारातच संपली. बाबागाडीही तिरकी उचलून न्यावी लागते. नियमाप्रमाणे मोकळी जागा ३ फूट हवी. इथं पालिकेची अडचण खरी आहे: खुर्ची जाईल त्या फटीतून मोटारसायकलही जाते. म्हणून शेजारी ३ फुटांचं छोटं दार ठेवलंय, पण त्याला कुलूप, आणि किल्ली वॉचमनकडे. वॉचमन चहाला गेला की दार नाहीच. यावर उपाय साधा आहे. कुलपाऐवजी बसल्या हाताला पोचेल अशी, जमिनीपासून ३ फुटांच्या आत कडी लावायची आणि आतल्या बाजूला लगेच काटकोनात वळण ठेवायचं. मात्र वळणाची जागा ५ फूट बाय ५ फूट हवी. खुर्ची तेवढ्यात वळते, मोटारसायकलला ते वळण अवघड जातं. जनावरांसाठी जमिनीत पाइपांची जाळी टाकायचा मोह काही ठिकाणी होतो. तो टाळावा, त्यात काठीही अडकते आणि चाकही.

फाटकातून आत आलं की तीन पायऱ्या, प्रत्येक ६ इंची. बाजूला रॅम्प आहे, फोटोत फार देखणा दिसतो. हिशेब करा: चढ १८ इंच, आणि १ इंच चढाला १२ इंच लांबी हा दंडक, म्हणजे रॅम्प १८ फूट लांब हवा. इथला आहे ८ फूट. चाकाच्या खुर्चीतला माणूस स्वतःच्या हातानं तो चढू शकत नाही, आणि ढकलणारा असला तरी उतरताना खुर्ची हातातून सुटू शकते. वर चकचकीत ग्रॅनाइट बसवलाय. बेळगावच्या पावसात जून ते सप्टेंबर त्यावर शेवाळ धरतं. खडबडीत केलेला दगड किंवा आडव्या खाचा मारलेलं काँक्रीट स्वस्तही पडलं असतं. कठडा एकाच बाजूला. अर्धांगवायू झालेल्या माणसाचा कुठला हात धड असेल हे रॅम्पला कसं कळणार?

तुमच्या वॉर्डातला रॅम्प तपासायला इंजिनिअर लागत नाही. ४ फुटांची सरळ फळी घ्या, तिच्यावर गवंड्याची लेव्हल ठेवा, एक टोक रॅम्पवर टेकवून दुसरं टोक बुडबुडा मध्ये येईपर्यंत उचला. उचललेल्या टोकाखाली ४ इंचांपेक्षा जास्त अंतर भरलं तर रॅम्प चुकलाय. फळी चढाच्या दिशेनंच ठेवा, तिरकी ठेवली तर माप कमी भरतं.

वाटेवर पिवळ्या फरश्या आहेत, आणि इथं तर कमालच झालीय. उभ्या रेघांची फरशी म्हणजे चालत राहा, ठिपक्यांची म्हणजे थांबा, पुढं वळण, पायरी किंवा धोका आहे. या बागेत सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त ठिपक्यांच्या फरश्या बसवल्यात. ठेकेदाराला त्याच मिळाल्या असतील. अंध माणसाला ही वाट पावलोपावली ‘थांब’ म्हणते आणि शेवटी एका बाकड्याच्या पायाला नेऊन धडकवते. पावसाच्या गटारावरच्या जाळीचे गज चालण्याच्या दिशेत आहेत, फट दीड इंचाची. खुर्चीचं पुढचं छोटं चाक त्यात नेमकं रुततं. फट अर्ध्या इंचाहून जास्त नको आणि गज वाटेला आडवे हवेत. यात नवा खर्च फारसा नाही, तीच जाळी काढून, आणखी गज घालून ते योग्य अंतरावर, आडवे वेल्ड करून घ्यायचे.

संडासाला शून्य. दिव्यांगांची खूण असलेल्या खोलीत खुरपी, पाण्याचा पाइप आणि खताची पोती. रिकामी केली तरी दार आत उघडतं, त्यामुळं खुर्ची आत गेल्यावर ते लागत नाही. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं. बायकांच्या संडासात पाणी आहे, आतली कडी नाही. बाई दोन तास बागेत थांबणार की अर्ध्या तासात घरी जाणार, हे या कडीवर ठरतं.

वेळ सकाळी साडेपाच ते साडेनऊ, दुपारी चार ते साडेसात. धुणीभांडी करणाऱ्या बायकांना मोकळा वेळ मिळतो तो बारा ते तीन, नेमका कुलपाचा. मागावर बसणाऱ्याला नगावर पैसे, तो उजेड असताना उठत नाही, आणि तो येईपर्यंत बाग बंद होते. दुपारी पत्ते खेळणारे येतात म्हणून कुलूप, असं सांगतात. पत्त्यांवर नजर ठेवायला वॉचमन असतो की!

पाटीवर नियमांची लांबलचक यादी, सगळी ‘नको’ची, कन्नड आणि इंग्रजीत. आजूबाजूच्या वस्तीत मराठी आणि उर्दू वाचणारे भरपूर. कन्नड वर राहू द्या, खाली मराठी आणि उर्दू, आणि शिवाय चित्रं, कारण बांधकामावर आलेल्या कित्येक मजुरांना कुठलीच लिपी वाचता येत नाही. पण भाषेपेक्षा एक नियम जास्त खटकतो: बाहेरचं खाणं आणू नये. फाटकाबाहेर भेळपुरीची गाडी आहे, ती चालते. भाकरीचा डबा चालत नाही. त्याऐवजी मोठा कचऱ्याचा डबा ठेवा. अनवाणी पोरांना झोपाळ्यावरून हाकलणं तर कुठल्याच नियमात बसत नाही, तरी चालतं.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६चा आहे, आणि जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला त्यानं दिलेली ५ वर्षांची मुदत केव्हाच उलटलीय. अर्ज करताना ‘बाग गैरसोयीची आहे’ असं मोघम लिहू नका. फोटोत टेप धरा, माप दिसू द्या, शेजारी हवं ते माप लिहा. एका अर्जात एकच काम मागा, पाच कामं घातली की फाइल पाच टेबलांवर फिरते. आधी संडासाची कडी आणि छोट्या दाराचं कुलूप मागा, त्याला निविदा लागत नाही.

बागेऐवजी बाहेर जायचं झालं तर बायकांसाठी भूतरामहट्टीचं प्राणिसंग्रहालय किंवा गोकाकचा धबधबा बसनं जमण्यासारखा आहे. शक्ती योजनेत ११ जून २०२३ पासून साध्या सरकारी बसला कर्नाटकातल्या बायकांना भाडं नाही. ओळखपत्रावर पत्ता कर्नाटकाचा हवा आणि शून्य रकमेचं तिकीट मागून घ्यायचं. चंदगडहून आलेल्या पाहुणीला मात्र भाडं पडतं. गोकाकला पाणी बघायचं तर पावसाळ्यात, उन्हाळ्यात धार बारीक होते.

सध्या या बागेत खुर्ची घेऊन जायचं असेल तर वॉचमन हमखास असतो ती सकाळची पहिली वेळ धरा, ढकलायला दोघं घ्या, आणि रॅम्प उतरताना खुर्ची उलटी, पाठ उताराकडे करून उतरवा.