मागचं हौशिंग बदललं अन् गाडी भुरभुरू लागली, शेवटी टिनाच्या शेडमधल्या मिस्त्रीनं पकडलं

बोर्ड नाही, मॅपवर पिन नाही. पांढरकवड्याच्या अलीकडं जिनिंगसमोर टिनाचं शेड आहे, बाहेर दोन-तीन पिकअप अन् एखादं ट्रॅक्टर उभं असते, तेच गॅरेज. मी गेलो तेव्हा पुरा वैतागून गेलो होतो कारण त्याच्या आधी साडेनऊ हजार पाण्यात गेले होते.

गाडी माझी बोलेरो, 2011 ची. खताच्या बोऱ्या, सीजनला कापसाचे गाठोडे, पांदणीतून ओढून ओढून मागचा एक्सल शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) दोन वर्षांत दोनदा तुटला, चूक माझीच, लोड पाहून भरत नव्हतो. म्हणून म्हटलं एकदाचं पिकअपचं जड हौशिंगच (मागच्या एक्सलचा पुरा डबा, आतल्या दातेरी चाकांसकट) टाकून घेऊ. नागपूरच्या कबाडीतून आणलं अन् तिकडंच एका ठिकाणी बसवलं, पाट्यांच्या (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) बैठकी कापून नव्यानं वेल्डिंग मारल्या. (आरटीओचं काम पाहणाऱ्या मित्रानं नंतर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 ऐकवलं, कंपनीच्या मापाबाहेर बदल करता येत नाही म्हणे, सुप्रीम कोर्टानं 2019 मध्ये हेच सांगितलं. हे आधी विचारायला पाहिजे होतं.)

नागपुरातून निघालो तर बुटीबोरीपर्यंत ट्रॅफिकमध्ये काही कळलं नाही, पुढं मोकळा रस्ता लागला अन् काटा 55 च्या वर गेला की सीटखालून भुर्रर्र सुरू, आरशात मागचा ट्रक डबल दिसे. 75 च्या वर जरा कमी. त्यात वरून ॲक्सिलेटर दाबला की मागून गुंईंईं. बसवणाऱ्याला फोन केला तर म्हणे नवीन आहे, चालून चालून बसून जाईल. बाप्पा, कबाडीतलं नवीन कसं असन! मग दुसऱ्या एका मोठ्या गॅरेजवाल्यानं बॅलन्सिंग, अलाइनमेंट, दोन्ही जॉइंट क्रॉस (गिअरबॉक्सपासून हौशिंगपर्यंत फिरणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या दोन टोकांचे सांधे), गिअरबॉक्सचं मौंटिंग, सगळं बदललं. फरक शून्य.

या मिस्त्रीनं मात्र पाना हातात घेतलाच नाही. म्हणे, "भाऊ, पहिले चालवून पाहू, तुमी मांग बसा." हायवेवर 60 ला थरथर सुरू झाली तसं त्यानं गाडी न्यूट्रल केली, इंजिन आयडलवर, थरथर तशीच. मग 60 वरच चौथ्या गिअरला, मग पाचव्याला, तरी तशीच. म्हणे इंजिन अन् क्लच सुटले, आता प्रोपेलर शाफ्ट नाहीतर चाक. अन् हेही त्यानं बुडाखालून ओळखलं. चाक 60 च्या स्पीडला सेकंदाला सात-साडेसात फेरे मारते, त्याचा बिघाड धडधड लागते, पण शाफ्ट त्याच्या चौपट फिरते म्हणून त्याची भुर्रर्र बारीक लागते, मुंग्या आल्यावानी. माझी भुर्रर्र होती. म्हणजे बॅलन्सिंगचे पैसे वायाच. वळणावर गाडी डावी-उजवी लोटून पाहिली, आवाजात फरक नाही, म्हणून चाकाचं बेअरिंगही सोडलं. ही ट्रिप अर्ध्या तासाची, डिझेल माझं.

परत आल्यावर गाडी रॅम्पवर चढवली, चारही चाकं टेकलेली. जॅकवर लटकवून मोजलं तर हौशिंग खाली लोंबते अन् कोन खोटा येते म्हणे. आधीच्या गॅरेजनं नेमकं जॅकवरच पाहिलं होतं. पहिली गोष्ट दोन मिनिटांत सापडली, प्रोपेलर शाफ्टचे दोन टोकांचे फोर्क एका रेषेत नव्हते, खोलताना कोणी खूण मारली नव्हती अन् सरकत्या स्प्लाइनवर (खाचांच्या जोडावर) दात चुकवून बसवला होता. ते सरळ केलं तर थरथर निम्मी झाली, मी म्हटलं झालं काम, तो म्हणे थांबा.

मग त्यानं पोराच्या कंपासपेटीतला कोनमापक काढला, दोऱ्याला नट बांधला, ओळंब्यासारखा, अन् आधी गिअरबॉक्सच्या फ्लॅंजला (शाफ्ट जोडायच्या चकतीला) लावला, 4 डिग्री. मग हौशिंगच्या तोंडाशी पिनियनच्या (शाफ्टनं फिरणाऱ्या लहान दातेरी चाकाच्या) फ्लॅंजला, 9. दोन्ही एकमेकांना समांतर पाहिजे, तरच एका क्रॉसनं केलेली कमी-जास्त गती दुसरा क्रॉस खाऊन टाकते, नाहीतर शाफ्टच्या एका फेऱ्यात दोन हिसके. बैठकी वाकड्या वेल्ड केल्या होत्या, बस. एवढ्यासाठी माझे दोन क्रॉस बदलले गेले, जुने चांगले होते.

मला वाटलं आता परत कापाकापी. पण त्यानं बाजूच्या लेथवाल्याकडून पोलादी पाचरा करून आणल्या, पाटे अन् बैठकीच्या मध्ये घातल्या अन् पिनियन 3 वर आणलं. 4 काहून नाही विचारलं तर म्हणे पाट्याच्या गाडीत ओढ लागली की पिनियनचं तोंड वर उचलते, म्हणून उभ्या गाडीत जरा खाली ठेवायचं. ॲल्युमिनियमच्या पाचरा स्वस्तात भेटतात पण चिरतात म्हणून त्या नाही.

गुंईंचं काम दुसऱ्या दिवशी. हौशिंगचं तेल काढलं तर पातळ, काळं अन् त्यात चमकी. पिनियन अन् ते ज्याला फिरवते त्या मोठ्या क्राऊनच्या दातांना रंग लावून फिरवलं तर रंग मधात उठायचा तो काठाला उठत होता. शिम (पातळ चकती) इकडची तिकडं केली, डायल लावून बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) जवळपास 0.20 मिमीवर आणला, नवीन ईपी 90 गिअर तेल भरलं. ओढीतला आवाज गेला. ॲक्सिलेटर सोडल्यावर मात्र 65 च्या आसपास हलकी शिट्टी राहिली. त्यानं लपवलं नाही, म्हणे ही जोडी जुन्या गाडीत घासून घासून तिच्या सवयीनं बसली आहे, शिमनं पूर्ण जाणार नाही, वाढली तरच नवीन क्राऊन-पिनियन टाकू, आता कशाला खर्च.

लेथ अन् तेल धरून 4,200 घेतले. बिल मागितलं तर कॅलेंडरच्या मागं लिहून दिलं. 500 किलोमीटरनंतर पाट्यांचे यु-क्लॅम्प परत कसून नेले, त्याचे काहीच नाही. आता 1,400 किलोमीटर झाले, शिट्टी तेवढीच आहे अन् आरशात ट्रक एकच दिसते.

अर्धा स्टार कापला तो वेळेसाठी. सकाळपर्यंत होऊन जाते म्हणे अन् तीन दिवस गाडी अडकली, मधात त्यानं ट्रॅक्टरचं काम हाती घेतलं. फोन उचलत नाही. जायचं असेल तर 9 च्या आत जा, अन् बाजाराच्या दिवशी जाऊ नका, शेड बंद असते.