खालिदला बोलते करणारा मॉड

‘बाल्डर्स गेट’ या संगणकीय खेळाचा पहिला भाग १९९८ साली आला तेव्हा त्यात खेळाडूला सोबत घेता येतील अशी २५ पात्रे होती, आणि त्यांपैकी बहुतेकांना एकदा सोबत घेतले की पुढे बोलायला जवळजवळ काहीच नव्हते. लढाईत जखमी झाल्यावर एखादे वाक्य, दमल्यावर एखादी तक्रार, न पटणाऱ्या सोबत्याला एखादा टोमणा, एवढ्यावर कित्येक तासांचा प्रवास निभावून नेला जात असे. २००० साली आलेल्या दुसऱ्या भागात सोबती एकमेकांशी भांडू लागले, आठवणी सांगू लागले, प्रेमातही पडू लागले. पहिल्या भागातले हे मुकेपण भरून काढण्यासाठी काही हौशी खेळाडूंनी मिळून जो मॉड, म्हणजे मूळ खेळात घालायची भर, तयार केला, तो ‘बीजीवन एनपीसी प्रोजेक्ट’ मी या पावसाळ्यात प्रथमच अगदी शेवटपर्यंत खेळले. हा मॉड गिबरलिंग्ज थ्री या मॉडकारांच्या गटाने विनामूल्य उपलब्ध करून दिलेला आहे. ज्याला या खेळातली माणसे आवडतात त्याने तो घ्यावाच, असे माझे स्पष्ट मत आहे; मात्र त्यातील काही भाग डोळसपणे निवडावा लागतो, आणि त्याविषयीच मुख्यतः लिहायचे आहे.

कुडाळ तालुक्यातील आमच्या गावच्या जत्रेत दरवर्षी दशावतार होतो. रात्री पालखीची प्रदक्षिणा झाली की आडदशावतारातला संकासुर येऊन जातो आणि मग मुख्य आख्यान सुरू होते. या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. कथा नटांना ठाऊक असते, प्रेक्षकांनाही ठाऊक असते, पण संवाद उभ्या उभ्या रचले जातात. समोरच्याने टाकलेला शब्द उचलायचा, आपल्या पात्राच्या तोंडी शोभेल तेवढेच बोलायचे आणि कथा पुढे सरकायला हवी तिथे थांबायचे, हे ज्याला साधते तो नट आमच्याकडे वर्षानुवर्षे लोकांच्या लक्षात राहतो. सोबत्यांचे संवाद वाढवणारा मॉड लिहिणाऱ्यापुढे नेमके हेच काम असते. कथा दुसऱ्याने रचलेली आहे, पात्रही दुसऱ्याचे आहे, आणि आपल्याला फक्त त्याच्या तोंडी नवे शब्द घालायचे आहेत. ते शब्द त्या पात्राचे वाटले पाहिजेत.

या कसोटीवर मॉडमधला सर्वांत चोख उतरलेला भाग म्हणजे खालिद आणि जाहीरा हे जोडपे. नायकाचा, म्हणजे खेळाडू चालवतो त्या पात्राचा, पालक गोरायन मारला गेल्यानंतर ‘फ्रेंडली आर्म इन’ या सरायीत हे दोघे भेटतात. खालिद भित्रा नसला तरी अडखळत बोलणारा, स्वतःवर विश्वास नसलेला; जाहीरा तोडून बोलणारी, सगळ्यांना हुकूम सोडणारी. मूळ खेळात या नात्याचा अंदाज दोन-चार वाक्यांवरून बांधावा लागतो. मॉडमध्ये हे दोघे चालता चालता बोलतात. ती त्याचे वाक्य मध्येच तोडते, तो ते पुन्हा पहिल्यापासून जुळवू पाहतो, आणि या ओढाताणीच्या तळाशी तिला त्याची किती काळजी आहे हे हळूहळू उमगत जाते. सुट्टीत आलेला माझा मावसभाऊ पडवीत शेजारी बसून हे पाहत होता. त्याने जुना खेळ माझ्याच लॅपटॉपवर पूर्वी खेळलेला असल्यामुळे तो मध्येच म्हणाला, “ताई, ह्यो आदी इतको खंय बोलत होतो?” त्याला नवल वाटले ते संवादांच्या संख्येचे; मला वाटले ते याचे की इतके बोलूनही खालिद हा खालिदच राहिला होता.

पुढची काही वाक्ये ज्यांनी दुसरा भाग खेळलेला नाही त्यांनी गाळली तरी चालेल. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच, ज्या भुयारात नायक पिंजऱ्यात जागा होतो तिथे, खालिदचा मृतदेह सापडतो, आणि जाहीराचे पुढचे सगळे दुःख त्या एका घटनेतून उगवते. पहिला भाग मूळ स्वरूपात खेळून गेलेल्या माणसाला तिथे जाहीराची कीव येते, पण खालिदची आठवण येत नाही, कारण आठवावे असे त्याने काही बोललेलेच नसते. मॉडसह खेळून गेल्यावर मात्र तो कसा अडखळायचा, कोणत्या गोष्टीवर ठाम राहायचा, बायकोला शांत करायला कोणता सूर लावायचा, हे सगळे आपल्याला माहीत असते. दुसऱ्या भागातील एक अक्षरही बदललेले नसताना त्यातला प्रसंग बदलून जातो. कोणत्याही संवादवाढीच्या मॉडविषयी यापेक्षा मोठी प्रशंसा मला सुचत नाही.

इमोएनची गोष्टही जवळपास अशीच आहे. नायकाबरोबर कँडलकीप या ग्रंथालयाच्या गढीत लहानाची मोठी झालेली ही मुलगी गोरायनच्या मृत्यूनंतर लगेच येऊन मिळते, आणि मूळ खेळात त्या मृत्यूविषयी ती फारसे काही बोलत नाही. हे पात्र निर्मितीच्या अखेरच्या टप्प्यात घातले गेले होते, त्यामुळे तिच्या वाट्याला शब्द कमी आले असावेत. मॉडमध्ये ती कँडलकीपच्या दिवसांविषयी, गोरायनविषयी आणि स्वतःच्या भीतीविषयी बोलते. एकाच घरात वाढलेल्या दोघांनी घरातले माणूस गेल्यानंतर जे बोलायचे असते ते इथे एकदाचे बोलले जाते, आणि ती पोकळी भरल्यावरच ती आधी किती मोठी होती हे ध्यानात येते.

हे संवाद कसे सुरू होतात हेही सांगायला हवे, कारण मॉडचे निम्मे यश त्यात आहे. प्रत्येक संवादाला अटी जोडलेल्या असतात: ज्यांनी बोलायचे ते दोघेही गटात असावेत, जिवंत आणि शुद्धीवर असावेत, आसपास लढाई चालू नसावी, आणि हे बोलणे आधी झालेले नसावे. अटी जुळल्या की खेळ थांबतो आणि पडद्याच्या तळाच्या चौकटीत मजकूर उमटतो. त्याखेरीज वाटेत भेटणाऱ्या इतर माणसांशी आपले बोलणे चालू असताना सोबती मध्येच आपले मत देतात. आपण स्वतः सोबत्यावर टिचकी मारून त्याच्याशी बोलायला सुरुवात करण्याची सोयही वेगळा घटक म्हणून मिळते. ही शेवटची सोय मला सर्वांत उपयोगाची वाटली. मूळ खेळात सोबत्याशी बोलायला गेले की तो गप्पच राहायचा; आता मोठी लढाई आटोपल्यावर एखाद्याला बाजूला घेऊन कसे काय आहे ते विचारता येते.

आता दोषांविषयी. पूर्ण सहा जणांचा गट घेऊन हिंडले की बोलण्याची गर्दी होते. नॅशकेलच्या खाणीत, जिथे कोबोल्ड नावाच्या छोट्या राक्षसांचे अग्निबाण कुठून येतील याचा नेम नसतो, तिथे एक लढाई संपून दुसरी सुरू होण्याआधीच्या शांततेत कुणीतरी आपले बालपण सांगू लागते. लढाई चालू नसावी ही अट अक्षरशः पाळली गेलेली असते, पण प्रसंगाचे भान राहिलेले नसते. दशावतारात राक्षस रंगमंचावर यायच्या बेतात असताना कोणी नट घरची हकीकत काढत नाही. दुसरा दोष असा की अनेक हातांनी लिहिल्यामुळे लेखन एकसारखे नाही. झॅन हा सतत सर्वनाशाची भाषा करणारा जादूगार मूळ खेळात एकसुरी वाटतो. मॉडने त्या निराशेमागचा माणूस दाखवला आहे आणि ते काम मोठ्या ताकदीने केले आहे. उलट काही पात्रांचे संवाद वाचताना नाव झाकले तर ते कोणाचे हे ओळखता येत नाही.

हा फरक मला नेमका कळला तो एका वेगळ्याच उद्योगामुळे. या मॉडचा सारा मजकूर ‘ट्रा’ नावाच्या साध्या मजकूर-फाइलींत ठेवलेला असतो, आणि तो कोणालाही नोटपॅडमध्ये उघडून वाचता येतो. इतर भाषांतील खेळाडूंनी आपापले अनुवाद याच मार्गाने केले आहेत. आषाढातल्या एका संध्याकाळी वीज गेली, लॅपटॉपची बॅटरी संपत आली, तेव्हा मी उतरवून घेतलेले काही संवाद वहीत मराठीत करून पाहिले. पहिल्याच ओळीला अडले. जाहीरा नवऱ्याला ‘अहो’ म्हणेल की ‘अरे’? इंग्रजीतल्या एकाच सर्वनामाने हा प्रश्न झाकून टाकलेला असतो. मराठीत तो टाळता येत नाही. पण संवाद पुन्हा वाचल्यावर उत्तर आपोआप मिळाले: ती ‘अरे खालिद’ असेच म्हणेल, आणि चारचौघांत त्याला सावरून घ्यायचे असेल तेव्हा तिचा आवाज उतरेल, शब्द बदलणार नाहीत. डायनाहेअर ही दुसरी सोबतीण तर मूळ खेळातच जुन्या वळणाच्या इंग्रजीत बोलते. ज्या सर्वनामाचा मराठी प्रतिशब्द सरळ ‘तू’ असा होतो, ते तिच्या तोंडी इतके भारदस्त वाटते की मराठीत तिला ‘आपण’ म्हणायला लावावेसे वाटते. तिचा रक्षक मिन्स्क मात्र तिच्याशी कितीही आदराने वागला तरी बाकी सगळ्या जगाला ‘तू’च म्हणणार, याविषयी माझ्या मनात जराही शंका आली नाही. जे संवाद चांगले लिहिलेले होते तिथे हा निर्णय प्रत्येक वेळी लेखकानेच माझ्यासाठी करून ठेवलेला होता. जिथे ‘तू’ लिहिले काय आणि ‘तुम्ही’ लिहिले काय, सारखेच वाटले, ते संवाद कच्चे होते. माझ्या वहीत अशी पाने थोडी आहेत, पण आहेत.

या संवादांना फारसा आवाज नाही, ते मुख्यतः वाचायचे आहेत, हा काहींना दोष वाटेल. ‘स्कायरिम’सारख्या २०११ च्या खेळात प्रत्येक वाक्य उच्चारले जाते, त्यामुळे तिथे संवाद वाढवणे फार अवघड होऊन बसते. ‘रिलेशनशिप डायलॉग ओव्हरहॉल’ हा त्या खेळाचा मॉड मूळ कलाकारांच्याच ध्वनिमुद्रित वाक्यांचे तुकडे जोडून ५००० हून अधिक नवी वाक्ये तयार करतो. हे काम थक्क करणारे आहे, परंतु पात्राला नवा विचार द्यायचा तर जुन्या शब्दांचीच कुंपणे आड येतात. मजकुरावर चालणाऱ्या जुन्या खेळाला ती अडचण नाही, आणि खालिदला जे मिळाले ते याच मोकळेपणामुळे मिळाले, असे मला वाटते. शिवाय असा मॉड जुन्या लॅपटॉपवरही सुखाने चालतो, ही आमच्यासारख्या गावात लहान गोष्ट नव्हे.

मॉड घालण्याची पद्धत कठीण नाही, पण क्रम पाळावा लागतो. सगळे काम ‘वाइडू’ या साधनाने होते. ते नवी वाक्ये खेळाच्या मूळ मजकूर-फाइलीच्या शेवटी जोडते आणि कोणते घटक कोणत्या क्रमाने घातले याची नोंद ठेवते, त्यामुळे पुढे मॉड काढून टाकता येतो. या खेळाची २०१२ ची सुधारित आवृत्ती, ‘एन्हान्स्ड एडिशन’, स्टीम या ऑनलाइन दुकानावरून घेतलेली असेल आणि तिच्यासोबत ‘सीज ऑफ ड्रॅगनस्पिअर’ हा पुढचा भागही असेल, तर आधी तो भाग मूळ खेळात मिसळणारा ‘डीएलसी मर्जर’ चालवावा आणि मगच बाकीचे मॉड घालावेत. मी पहिल्या खेपेस चालू खेळाच्या मध्यावर मॉड घातला. सुरुवातीच्या संवादांची वेळ निघून गेलेली असल्याने इमोएन आणि जाहीरा यांचे बरेचसे बोलणे मला मिळालेच नाही, आणि दोन आठवड्यांचा खेळ बाजूला ठेवून कँडलकीपच्या दारापासून पुन्हा निघावे लागले. तेव्हा खेळ नव्यानेच सुरू करावा.

घटक निवडताना सोबत्यांचे आपापसातले संवाद आणि आपण सुरू करायचे संवाद हे दोन्ही घ्यावेत. नको असलेल्या सोबत्याला कायमचे न घालवता सरायीत थांबायला सांगता येते, तो घटकही घ्यावा, कारण त्यामुळे २५ जणांपैकी अधिक माणसे ऐकायला मिळतात. प्रेमकथांचे घटक मी फक्त झॅनपुरते घेतले. त्यांतील दोन संवादांमधले अंतर किती असावे हे इन्स्टॉल करतानाच विचारले जाते. तिथे लांबचे अंतर निवडले तर खाणीतल्यासारखी गर्दी पुष्कळ कमी होते. गट सहाऐवजी चार-पाच जणांचा ठेवला तर आणखी बरे. लढाया थोड्या अवघड जातात, पण मी दुसऱ्या खेपेस पाच जण घेऊन निघाले तेव्हा खालिदचे प्रत्येक वाक्य मला सावकाश वाचता आले.