‘मुलाचे गोल पाहिले’ म्हणणाऱ्या एजंटपासून सावध

३,४२,५०० रुपये. पोर्तुगालच्या तिसऱ्या श्रेणीतल्या फुटबॉल क्लबमध्ये मुलाची ट्रायल, पसंत पडला तर करार, अशी थाप मारून एका ‘एजंट’नं आमच्याकडून उकळले. नोंदणीचे २५,०००, ट्रायलचे १,८०,०००, व्हिसाचे ९५,०००, मेडिकल आणि विम्याचे ४२,५००. पुढची तऱ्हा तुम्हाला ठाऊकच आहे: ‘आजच भरा, नाहीतर जागा जाईल’, आणि शेवटी फोन बंद. पोर्तुगालसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसाची मूळ फी प्रौढाला ९० युरो असते, हे आधी बघून ठेवा.

डोक्यात तिडीक जाते ती पहिल्या व्हिडिओ कॉलची. “मुलाचे गोल पाहिले, फिनिशिंग जबरदस्त आहे!” अहो, माझा मुलगा डिफेन्सिव्ह मिडफिल्डर. बचावफळीच्या पुढं उभं राहून समोरच्याची चाल मोडायची, बॉल काढून घ्यायचा आणि जवळच्याला साधा पास द्यायचा, हे त्याचं काम. तो गोल मारतो कधी? कॉल संपल्यावर पोरगा म्हणालाही, “बाबा, यानं दुसऱ्याच कुणाचा तरी व्हिडिओ पाहिलाय.” मी त्यालाच गप्प बसवलं. पण सहा नंबर (माझ्या पोरासारखा चाल मोडणारा) आणि दहा नंबर (पुढं चाल रचणारा) यांच्यातला फरक मला कोण शिकवणार होतं? आणि इथल्या क्लबांच्या निवडीत दरवेळी मागं पडणाऱ्या पोराचं कुणी तोंडभरून कौतुक केलं, तर कुठला बाप उलटतपासणी घेत बसतो?

मुलगा १७ चा आहे. फिफाच्या नियमाप्रमाणे १८ च्या आत परदेशी क्लबला त्याची नोंदणीच करता येत नाही. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणानं तिकडं राहायला गेले, असे मोजकेच अपवाद. म्हणजे तो करार होणंच शक्य नव्हतं! १ ऑक्टोबर २०२३ पासून एजंटला फिफाचा परवाना सक्तीचा आहे, नावं फिफाच्या वेबसाइटवर सापडतात. नाव नसेल तर तिथंच फोन ठेवा. अल्पवयीन खेळाडूसाठी पालकांची लेखी संमतीही लागते. आमच्याकडून सह्या घेतल्या त्या फक्त पैशांच्या पावत्यांवर.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात म्हणाले, ऑनलाइन आहे, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, पावत्यांवर तुमच्या सह्या आहेत, हा दिवाणी मामला. बँकेचं एकच पालुपद, ओटीपी तुम्हीच टाकलात. फुटबॉल संघटनेतले साहेब तर हसले, “असे बरेच येतात.” येतात ना? मग मैदानावर एक बोर्ड लावायला काय होतं तुम्हाला? सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर त्याच दिवशी फोन करा; पैसे पुढच्या खात्यात सरकले की गोठवणार काय?

शेवटी पोलिसांनी तक्रार घेतली, तर परवा अंमलदारांनी क्लबच्या निमंत्रणाचं मूळ पत्र मागितलं. मूळ कसलं, साहेब? व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली पीडीएफ होती ती, आणि त्यातही पोराची जागा ‘स्ट्रायकर’, म्हणजे गोल मारणारा, अशी लिहिली होती.