पिएझो स्टेजची चाचणी: नवी मुंबईतील एका महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या सेवेविषयी

रबाळे एमआयडीसीतील आमच्या कार्यशाळेत प्रकाशतंतूंची (ऑप्टिकल फायबरची) टोके एकमेकांसमोर अचूक आणणाऱ्या पिएझो स्टेज, म्हणजे व्होल्टेज दिल्यावर किंचित लांबणाऱ्या सिरॅमिकने सरकणारे छोटे मंच, तयार होतात. त्यांची हालचाल मोजून घेण्यासाठी आम्ही नवी मुंबईतीलच एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेकडे गेलो. स्मार्ट मटेरियलचे (वीज किंवा उष्णता दिल्यावर आकार बदलणाऱ्या पदार्थांचे) ॲक्च्युएटर, म्हणजे हालचाल घडवणारे भाग, आणि सूक्ष्म हालचालींचे नियंत्रण हा तेथील संशोधनाचा विषय असून, शुल्क घेऊन बाहेरच्या उद्योगांच्या चाचण्याही तेथे केल्या जातात. काही तक्रारी नोंदवायच्या असल्यामुळे संस्थेचे नाव देत नाही; मात्र ठाणे-बेलापूर पट्ट्यातील लहान कारखानदाराला अशा ठिकाणी काय मिळते, हे तपशिलाने लिहिणे मला आवश्यक वाटते.

आमच्या स्टेजमध्ये 20 मिलिमीटर लांबीचा पिएझो स्टॅक, म्हणजे त्या सिरॅमिकच्या थरांची चळत, आहे. अशा सिरॅमिकची लांबी पूर्ण व्होल्टेजला साधारण एक हजारांशाने वाढते, म्हणजे 20 मायक्रॉन मिळतात. वायर कट करून बनवलेल्या फ्लेक्शरच्या (सांध्याऐवजी वाकणाऱ्या धातूच्या पातळ भागाच्या) तरफेने ती हालचाल पाचपट होऊन कागदावर 100 मायक्रॉन होते. पुरवठादाराच्या माहितीपत्रकात एवढाच एक आकडा असतो. प्रयोगशाळेने व्होल्टेज शून्यापासून वर नेऊन पुन्हा खाली आणले, लेसर इंटरफेरोमीटरने प्रत्येक टप्प्यावरचे स्थान नोंदवले आणि जाण्याची व येण्याची अशा दोन्ही वाटा एकाच आलेखावर काढून दिल्या. त्या दोन वाटांमधले अंतर, म्हणजे हिस्टेरिसिस, एकूण हालचालीच्या बारा टक्क्यांच्या आसपास निघाले. पिएझो सिरॅमिकसाठी हे प्रमाण नेहमीचेच आहे; पण 100 मायक्रॉनच्या बारा टक्के म्हणजे 12 मायक्रॉन होतात आणि सिंगल मोड प्रकाशतंतूचा गाभा जेमतेम 9 मायक्रॉनचा असतो. अशा दोन तंतूंची टोके अडीच मायक्रॉनने सरकली, तरी सुमारे पाचवा भाग प्रकाश वाया जातो. केवळ व्होल्टेज पाहून स्थान ठरवणे आमच्या कामात का चालणार नाही, हे त्या एका आलेखाने जितके स्पष्ट केले तितके कोणत्याही माहितीपत्रकाने केले नव्हते. व्होल्टेज स्थिर ठेवल्यावरही स्टेज हळूहळू सरकत राहते, त्या क्रीपचा आलेखही त्यांनी न मागता जोडला होता.

या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे मोजमापानंतरची चर्चा. प्रयोगशाळेचे प्रमुख प्राध्यापक आणि त्यांचे पीएचडीचे विद्यार्थी आमच्याबरोबर बसले. सेन्सरने स्थान मोजून त्यानुसार व्होल्टेज सतत दुरुस्त केले, म्हणजे फीडबॅक दिला, की प्रश्न मिटला, असा आमचा समज होता. त्यावर त्यांनी स्टेजचा फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स, म्हणजे कोणत्या वारंवारतेला ती किती हलते याचा आलेख, समोर ठेवला. तरफेने हालचाल पाचपट होते, पण टोकाशी मिळणारा ताठपणा त्याच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे पंचवीसपट कमी होतो आणि अनुनादाची वारंवारता (ज्या वारंवारतेला स्टेज आपोआप जोरात थरथरते ती) खाली येते. आमच्या स्टेजचा अनुनाद 300 हर्ट्झजवळ होता. फ्लेक्शरमध्ये घर्षण नसते, हा त्याचा मोठा गुण. परंतु त्याच कारणाने अवमंदनही (थरथर शमवण्याची क्षमता) फार थोडे, 0.01 च्या घरात असते. अशा स्टेजला नुसता इंटिग्रल नियंत्रक (साचत गेलेल्या चुकीनुसार दुरुस्ती करणारा) लावला, तर स्थैर्य सांभाळून नियंत्रणाचा वेग सुमारे 6 हर्ट्झच्या पुढे नेता येत नाही, हे त्यांनी आमच्यासमोर गणित मांडून दाखवले. अनुनादाच्या ठिकाणी नॉच फिल्टर (तेवढीच वारंवारता दाबणारा) लावणे, आधी अवमंदन वाढवून मग फीडबॅक देणे आणि हिस्टेरिसिसचे उलटे प्रतिमान (गणिती मॉडेल) वापरून व्होल्टेज आधीच दुरुस्त करणे, असे तीन मार्ग त्यांनी सुचवले. तिसऱ्या मार्गासाठी ते प्रांट्ल-इश्लिन्स्की प्रतिमान वापरतात, कारण त्याचे व्यस्त रूप थेट सूत्राने काढता येते; चुंबकीय पदार्थांसाठी 1935 मध्ये मांडल्या गेलेल्या प्रायझाख प्रतिमानात ती सोय सहसा मिळत नाही. आमच्या कामाला वेग फारसा लागत नसल्याने, महागडा कंट्रोलर घेण्याऐवजी कपॅसिटिव्ह सेन्सर आणि नॉच फिल्टर एवढ्यावर भागेल, असा स्पष्ट सल्ला त्यांनी दिला. विक्रेत्याकडून असा सल्ला मिळणे कठीण आहे.

आपल्या हवामानाचा त्यांनी केलेला विचारही मला महत्त्वाचा वाटतो. मल्टिलेअर स्टॅकवर दमट हवेत दीर्घकाळ डीसी व्होल्टेज राहिले, तर गळतीचा प्रवाह वाढत जाऊन तो निकामी होऊ शकतो आणि नवी मुंबईच्या पावसाळ्यात ही शक्यता कायमचीच असते. म्हणून स्टेज वापरात नसताना व्होल्टेज शून्यावर आणावे, तसेच पुढच्या खरेदीत पॉलिमरऐवजी सिरॅमिक आवरणाचे स्टॅक घ्यावेत, असे अहवालात लिहून दिले आहे. प्रत्येक आलेखाखाली खोलीचे तापमान आणि आर्द्रता नोंदवलेली असते. ॲल्युमिनियमचा 100 मिलिमीटरचा भाग एका अंशाने तापला तरी 2.3 मायक्रॉनने वाढतो, त्यामुळे या नोंदीशिवाय आमच्या दृष्टीने मोजमापाला अर्थ उरला नसता. रस्त्यावरच्या कंटेनर ट्रकांची कंपने आलेखात दिसू लागल्यावर त्यांनी ते वाचन बाजूला ठेवले आणि रहदारी कमी झाल्यावर, रात्री, पुन्हा मोजले.

नायटिनॉलच्या (तापवल्यावर आखडणाऱ्या निकेल-टायटॅनियम मिश्रधातूच्या) तारेवर चालणाऱ्या एका झडपेबद्दलही आम्ही विचारले होते. तार चार टक्क्यांपर्यंत आखडते, पण थंड होऊन पूर्ववत व्हायला वेळ घेते, म्हणून आम्हाला हव्या असलेल्या वेगाला ती उपयोगी नाही, असे सांगून त्यांनी त्या चाचणीचे शुल्क घेणेच नाकारले.

आता उणिवा. परीक्षांच्या काळात प्रयोगशाळा बाहेरचे काम जवळजवळ थांबवते आणि ही गोष्ट नोंदणी करताना कोणी सांगत नाही. आमची ग्राहकाला दिलेली तारीख त्यामुळे चुकली. पैसे महाविद्यालयाच्या लेखा विभागात भरावे लागतात आणि जीएसटीचे बिल मिळण्यासाठी प्रयोगशाळेशी संबंध नसलेल्या टेबलांवर पाठपुरावा करावा लागतो. अहवाल उत्तम असला, तरी तो शोधनिबंधासारखा लिहिलेला असतो. कार्यशाळेतील फिटरला लागणारी माहिती, उदाहरणार्थ स्टॅकवरचा प्रीलोड, म्हणजे आधीच दिलेला दाब, किती ठेवायचा, ही शेवटच्या पानांत शोधावी लागते. स्टॅक ओढ सहन करत नाही आणि प्रीलोड कमी पडला तर तडकतो, त्यामुळे ही माहिती पहिल्या पानावर हवी.

प्रयोगशाळेला एनएबीएलची (चाचणी व कॅलिब्रेशन प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता नाही. ज्यांच्या ग्राहकाला मान्यताप्राप्त कॅलिब्रेशन प्रमाणपत्रच लागते, त्यांनी ते काम वेगळ्या ठिकाणी करून घ्यावे. नवे डिझाइन उत्पादनात नेण्यापूर्वी त्याच्या मर्यादा समजून घ्यायच्या असतील, तर मात्र या प्रयोगशाळेचे शुल्क मला पूर्णपणे वसूल झाल्यासारखे वाटते. जाताना स्टेजचे ड्रॉइंग, स्टॅकचे माहितीपत्रक आणि स्टॅकला व्होल्टेज देण्यासाठी प्रत्यक्षात वापरायचा ॲम्प्लिफायर सोबत न्यावा. त्यांच्या ॲम्प्लिफायरवर मिळालेला वेग आपल्या ॲम्प्लिफायरवर मिळेलच असे नसते.